पान तीनची दुरुस्ती

टपालकाका तीन जिने चढून माझ्या टेबलापाशी आले आणि धापा टाकत समोरच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात मी ओरडले, "अहो काका, तिथं नको!" बिचारे अर्धे वाकलेले तसेच पुन्हा उभे राहिले. माझ्या टेबलासमोरची ती लाकडी खुर्ची रिकामी ठेवायची असते हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावरून माझी यथेच्छ टिंगलही होते. पण टपालकाकांचा मुक्काम तळघरातल्या टपालाच्या खोलीत, त्यांना कुठून माहीत असणार. मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली. जरा श्वास जागेवर आल्यावर त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. आमच्या वार्तापत्राच्या शेवटच्या पानाला फाडून पाठवायचं एक कार्ड जोडलेलं असतं, ‘आपलं मत कळवा’ म्हणून. टपालाचं तिकीटही लागत नाही, तरी ते कुणी पाठवत नाही. "गंमत बघा," काका म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या नावानं पत्रक चालू ठेवा म्हणतात. पस्तीस वर्षं टपालात काढली, असली मागणी पहिल्यांदाच पाहतोय." मी हसतच कार्ड घेतलं. अक्षर पाहिलं आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. प्रत्येक ‘ह’ची शेपटी ओळीखाली लांब ओढलेली, जणू खालच्या ओळीला कुणी टोकतंय. ‘ज्या बाईंच्या नावानं तुमचं पत्रक येतं त्या दहा वर्षांपूर्वी गेल्या,’ असं लिहिलं होतं. ‘तरी नाव काढू नका, पत्रक येऊ द्या. मागच्या अंकात पान तीनवर तुम्ही म्हणता, सरकती चादर घेतली की आजारी माणसाला कुशीवर वळवणं अगदी सोपं. सोपं नसतं. लिहिणारं माणूस तिथं होतं का?’ सही नव्हती. कार्डाच्या मागे यादीतून छापलेली पत्त्याची चिठ्ठी डकवलेली असते, तिच्यावर माझ्या आईचं नाव होतं.

काका म्हणाले, "काय झालं? ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, "नाही हो, अक्षर छान आहे म्हणून बघत होते." एवढी साधी थाप, पण मारताना कान गरम झाले. काय करणार, दहा वर्षं जिच्याशी बोलणं नाही त्या सख्ख्या बहिणीबद्दल तळघरातून आलेल्या माणसाला काय सांगणार? आमची कंपनी घरच्या घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी वस्तू बनवते. वर-खाली होणारी खाट, भिंतीला लावायची आधाराची दांडी, अंघोळीची खुर्ची, आणि ही गुळगुळीत सरकती चादर, जी अंगाखाली घातली की माणूस ओढायला हलका पडतो. मी त्यांची माहितीपत्रकं लिहिते आणि महिन्याला एक आठ पानी वार्तापत्र. जो कधी काही विकत घेतो त्याच्या घरी ते जात राहतं. आई शेवटच्या आजारात ज्या खाटेवर होती ती याच कंपनीची हे मला दोन वर्षांपूर्वी इथं नोकरी लागल्यावर खाटेचं चित्र बघून कळलं होतं, त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. पण खाट घेतली म्हणजे नाव यादीत असणार, आणि नाव यादीत आहे म्हणजे मी लिहिलेला शब्दन्‌शब्द दर महिन्याला त्या दारातून आत जात असणार, हे डोक्यात म्हणून आलं नाही. आमच्या धंद्यात असंच चालतं. शब्द आमचे, यादी टपालाची. घरोघर जाणाऱ्या मजकुरावर आम्ही दिवस दिवस घासाघीस करतो, पण ती घरं कुठली हे तळघरात उतरून कधी बघत नाही.

"मग हे नाव काढतो," काका उठत म्हणाले. "नियमच आहे. माणूस गेल्याचं कळलं की नाव काढायचं. या अंकाच्या चिठ्ठ्या छापून झाल्यात, तो जाईल. पुढच्यापासून बंद." "पण त्या तर नका काढू म्हणतायत," मी म्हटलं. "त्या म्हणणारच. नियम का त्यांना विचारून केलाय?" आणि ते जिना उतरायला लागले. मी कठड्यावरून वाकून त्यांच्या टकलाकडे बघत राहिले. एक अंक. म्हणजे ताईच्या घरात जाणारी माझी एकुलती एक वाट, जी मला दहा मिनिटांपूर्वीपर्यंत माहीतही नव्हती, ती अजून एकदाच उघडणार होती. एखाद्याला हसू आलं असतं. मला, खोटं कशाला बोलू, भयंकर कुतूहल वाटलं. हिला माहीत आहे का, की लिहिणारी मी आहे? वार्तापत्रावर नाव नसतं. मग दहा वर्षांपूर्वी मला विचारलेला प्रश्नच तिनं पुन्हा कसा विचारला?

खुर्चीचं सांगायला हवं. माझे पहिले साहेब होते, त्यांना आम्ही लालपेन म्हणायचो, कारण दिलेला कागद परत यायचा तेव्हा त्याच्यावर निळं कमी आणि लाल जास्त असायचं. मी नवीन होते, पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक लिहिलं होतं, त्यात ‘समाजातील सर्व घटकांसाठी’ असं काहीतरी होतं. लालपेननी मला समोर उभं करून विचारलं, "हे तू कुणाला सांगतेयस?" मी म्हटलं, "ग्राहकांना." "ग्राहक म्हणून कुणी माणूस असतो का? एक माणूस धर. खराखुरा. समोर खुर्ची ठेव, तिच्यात त्याला बसव आणि त्याला पंप कसा आहे ते सांग. तो उठून गेला की तुझं पत्रक फसलं." त्यांच्या समोर एक रिकामी खुर्ची असायची. त्यांनी तिच्यात कुणाला बसवलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी कितीदा तरी खोदून विचारलं होतं. माझ्या खुर्चीत मात्र पहिल्या दिवसापासून ताई येऊन बसली. मी तिला बोलावलंही नव्हतं. पंप, गादी, छत्र्या, पोटाचे पट्टे, काय काय म्हणून मी लिहिलं या सव्वीस वर्षांत, ते सगळं ताईला सांगितलं. ती समोर बसायची, मांडीवर काहीतरी काम घेऊन, बहुधा बटण लावत, आणि मी ‘अत्याधुनिक’ म्हटलं की मान वर न करता म्हणायची, "म्हणजे काय?" मग मला ते खोडून, पंपाला आवाज होत नाही, असं लिहावं लागायचं. लोक म्हणतात माझी पत्रकं चालतात. चालणारच, पहिलंच गिऱ्हाईक इतकं खवट असल्यावर.

ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी घरातली प्रत्येक बातमी मी गल्लीभर करायचे, म्हणून तिनं माझं नाव भोंग्या ठेवलं होतं. मुलगी असून भोंग्या. शाळेचा निबंध लिहिला की आधी तिला वाचून दाखवायचा, ती इस्त्री करत ऐकायची, ओल्या कपड्यावर इस्त्री टेकली की चर्र व्हायचं आणि तो वास अजून माझ्या नाकात आहे. ‘नदीकाठी आम्ही खूप मजा केली,’ मी वाचलं. "काय मजा केली?" ताई म्हणाली. "तू तर रडत होतीस. चप्पल वाहून गेली म्हणून. ते लिही की." "असं कुणी लिहितं का निबंधात?" "मग तुझा निबंध आणि शेजारच्या मुलीचा निबंध यांत फरक काय?" मी चिडले, अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण चप्पल लिहिली. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन सांगितलं तर ताई म्हणाली, "बरा होता." तिच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे फार मोठी गोष्ट. छान, सुंदर, मस्त असले शब्द तिनं कधी खर्चलेच नाहीत, आणि माझा तर धंदाच त्यांचा.

आई चौदा महिने अंथरुणावर होती. मी दुसऱ्या गावी, नोकरी, नवरा, मुलगी. दर रविवारी फोन आणि दोन महिन्यांतून एकदा जाणं. गेले की आई छान बोलायची, केस विंचरलेले, चादर ताठ. हे सगळं माझ्या येण्यासाठी कुणी केलेलं असायचं ते मला दिसायचं नाही. दिसलं असतं तरी मी काय केलं असतं कोण जाणे. आई गेली तेव्हा मी चार तासांनी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांना वाटायला एक चौपानी पत्रक करायचं ठरलं, आठवण म्हणून, आणि सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं; घरात लिहिणारी मीच. चाळीस मिनिटांत लिहून झालं. फोटो, जन्म, शाळा, स्वभाव, आणि शेवटी, ‘कुणालाही त्रास न देता, हसतमुखानं त्यांनी सर्वांचा निरोप घेतला.’ ते वाक्य लिहिताना मला ते चांगलं वाटलं होतं, हे मला अजून आठवतं. त्याला एक घोळदार लय होती. समोर खुर्ची नव्हती त्या दिवशी, मी आईच्याच खाटेच्या कडेवर बसून लिहीत होते. दोनशे प्रती छापून आल्या. ताईनं एक उचलली आणि उभ्यानंच वाचली. मग पुन्हा वाचली. "कुणालाही त्रास न देता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "होतीस का तू तिथं?" मी काहीतरी म्हणाले, असंच लिहितात गं, लोकांना बरं वाटतं. ती म्हणाली, "तू आईची जाहिरात केलीस." आणि प्रत घडी न घालता, जशी उचलली होती तशीच परत गठ्ठ्यावर ठेवली. तिचे हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, मनगटं सुजलेली होती. त्यानंतर माझी पत्रं न फोडता परत आली. दोनदा दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा साखळी न काढता दार चार बोटं उघडलं, "बरी आहेस ना? मग झालं," आणि दार बंद. अजून आईच्याच घरी राहते, आता तर मी त्याच गावी आहे, अर्ध्या तासाचं अंतर.

दुपारी मी तळघरात गेले. चार वर्षांची असताना आईच्या कपाटात डोकं घालायचे तेव्हापासूनची खोड, काहीही बंद दिसलं की उघडून बघायचं. गठ्ठ्यांमधून वाट काढत गेले, कागदाचा आणि खळीचा वास, वर एक नळी दिव्याची फडफडत होती. "काका, आधी आलेली कार्डं तुम्ही टाकून देता का?" "टाकतोय कशाला," म्हणाले, "वर कुणी मागत नाही, मी ठेवतो." बुटाचा एक खोका काढून दिला. पंचवीसेक वर्षांची मिळून सगळी कार्डं त्यात आडवी पडली होती, बरीचशी खाट करकरते म्हणून तक्रारीची. मी एक एक चाळायला लागले. ‘ह’ची शेपटी सापडली. आणखी एक. काकांच्या टेबलावर मी ती मांडत गेले, एकूण सात. सगळ्यात जुनं दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे मी लिहिलेल्या पहिल्या अंकानंतरचं. त्याआधी आठ वर्षं अंक येत होता आणि हिनं एकदाही कार्ड फाडलं नव्हतं. ‘पान एक. पहिलं वाक्य लांब आहे, वाचताना दम लागतो.’ ‘पान सहा. पाण्याचा पेला उजव्या हाताला ठेवा म्हणता. माणूस डावखुरं असेल तर?’ आई डावखुरी होती. ‘पान दोन. चित्रातल्या बाई आजारी वाटत नाहीत, नुकत्या लग्नाहून आल्यासारख्या वाटतात.’ मला खुदकन हसू आलं, आणि काकांनी वर पाहिलं. एकावर फक्त ‘बरा होता’ एवढंच. कुठला अंक ते मी टपालाच्या शिक्क्यावरून शोधलं. तो अंक मला आठवत होता. रात्रंदिवस कुणाचं तरी करणाऱ्या माणसानं स्वतः कधी जेवायचं, यावर एक पान लिहिलं होतं, आणि लिहिताना समोरच्या खुर्चीतल्या बाईच्या मनगटांकडे बघणं टाळलं होतं. मी तळघरात त्या ‘बरा होता’वरून बोट फिरवत बसले. काका म्हणाले, "काय हो, रडताय काय?" "धूळ आहे तुमच्याकडे किती," मी म्हटलं. "आहे खरी," ते म्हणाले आणि मला आपला रुमाल दिला, जो त्या धुळीहून फार बरा नव्हता.

वर येऊन मी विचार करत बसले. तिला माहीत असेल तर ती मला दोन वर्षं टोकतेय, आणि मी उत्तर देत नाहीये. तिला माहीत नसेल तर ती एका अनोळखी माणसाशी बोलतेय, आणि त्या अनोळखी माणसावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास आहे. दोन्हीतलं वाईट कुठलं, ते ठरेना. घरी जाऊन सरळ सांगावं? मी म्हणून गेले तर साखळी निघत नाही, हे दोनदा पाहिलं होतं. पत्र परत येतं. परत न येणारा कागद एकच होता, त्यावर आईचं नाव असायचं म्हणून. आणि त्या कागदाच्या लेखकाला तिनं स्वतःहून एक प्रश्न विचारला होता. मग उत्तर तिथंच द्यायला हवं. पण ते मलाच ठरवता येणार नव्हतं, कारण वार्तापत्राचं प्रत्येक पान विक्रीसाहेबांच्या सहीनं छापायला जातं.

विक्रीसाहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, शांत माणूस, बोलताना पेनाचं बटण टकटक करायची सवय. मी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही. "दुरुस्ती छापायची आहे," मी म्हटलं, "पान तीनवर. सोपं नसतं म्हणून." टकटक थांबली. "ताई," ते म्हणाले, मला ऑफिसात सगळे ताईच म्हणतात, आणि त्या दिवशी ते विशेष टोचलं, "आपण चादर विकतो. सोपं काढलं तर विकायचं काय?" "चादर," मी म्हटलं. "चादरच विकू. ज्या बाईनं एकदा तरी आजारी माणूस वळवलंय तिला ‘सोपं’ वाचलं की कळतं, यांनी काही केलेलं नाही. तिथून पुढं आपण काहीही लिहिलं तरी ती मान डोलावून पान उलटते. आपल्या यादीत तर सगळ्या त्याच बाया आहेत." "एका कार्डावरून?" "एकच जण लिहितं. बाकीचे नुसतं उलटतात." त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. बराच वेळ वाचत होते, एवढ्याशा मजकुराला न लागणारा वेळ. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "माझी बायको तिच्या वडिलांचं करते. चादर नेऊन दिली मी घरी. परवा म्हणाली, चांगली आहे, पण रात्री माझी पाठ तुझी चादर चोळते का?" त्यांनी पेन पुन्हा उचललं. "साठ शब्द," ते म्हणाले. "खाली चौकटीत. जास्त नाही. आणि मला नंतर नस्ती भानगड नको."

साठ शब्दांना मला तीन दिवस लागले. सव्वीस वर्षांच्या धंद्यात इतके कधी लागले नव्हते. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘वाचकांच्या सूचनांचं आम्ही नेहमीच स्वागत करतो,’ आणि समोरच्या खुर्चीतून, "म्हणजे काय?" दुसऱ्या दिवशी इतकं भावुक झालं की मलाच लाज वाटली, त्यात परत ती घोळदार लय होती, निरोपाच्या वाक्यातली, हात आपोआप तिकडेच वळत होता. मी कागद फाडला. मग मला वाटलं, मी कशाची माफी मागतेय हे तरी मला माहीत आहे का? ‘हसतमुखानं’ लिहिलं, ते खोटं होतं, ठीक आहे, तसं खोटं मी रोज लिहिते. पण ताई वाचताना थांबली होती ती आधीच्या शब्दांवर. कुणालाही त्रास न देता. आईनं त्रास दिला होता. पेला फेकला होता, तुला माझं मेलेलं तोंड बघायचंय म्हणून ओरडली होती, अंथरूण दिवसातून चारदा बदलावं लागत होतं. हे सगळं मला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं. तो त्रास कुणीतरी झेलला होता. त्रास नव्हता म्हटलं की झेलणारीही नव्हती असं झालं. दोनशे प्रतींतून मी तिला पुसून टाकलं होतं, आणि वर तिला म्हणाले होते, लोकांना बरं वाटतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, ऑफिसात दुपारच्या वेळी, टायपिंगच्या खडखडाटात, हे मला दहा वर्षांनी कळत होतं. किती मठ्ठ असावं माणसानं! मी उठून तोंड धुवून आले आणि लिहून टाकलं.

‘दुरुस्ती. मागच्या अंकात पान तीनवर, आजारी माणसाला कुशीवर वळवणं सोपं आहे असं लिहिलं होतं. सोपं नसतं. चादर थोडी मदत करते, एवढंच. आजारी माणूस त्रास देतो, आणि जवळचं माणूस तो सोसतं. एका वाचक बाईंनी विचारलं, लिहिणारं माणूस तिथं होतं का. नव्हतं. मी नव्हते. चौदा महिने त्या एकट्या होत्या, आणि मी ते खोडून टाकलं होतं. चूक माझी.’ मोजले, पंचावन्न भरले. पाच शब्द उरले होते, त्यांत काय घालता येईल म्हणून मी बराच वेळ पेन धरून बसले, आणि मग ते तसेच सोडले. विक्रीसाहेबांनी वाचलं, चौदा महिन्यांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, कार्डात चौदा महिने कुठंच नव्हते. मग पेनाचं बटण एकदाच दाबलं. सही केली.

अंक गेला. मी तळघरात जाऊन स्वतः तो गठ्ठा बघितला, आईच्या नावाची चिठ्ठी शोधली, सापडली, नीट चिकटली आहे ना म्हणून अंगठ्यानं दाबली. काका म्हणाले, "एवढा जीव कशाला टाकताय, पोचतं सगळं." त्यानंतरचे अकरा दिवस मी काय केलं ते विचारू नका. अंघोळीच्या खुर्चीचं माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि समोर पाहिलं तर खुर्ची नुसती खुर्ची होती. कुणी बसलेलंच नाही. बटण लावणं नाही, म्हणजे काय नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कळेना की मी कुणाला सांगतेय. घाबरले मी. वाटलं, खरी ताई कुठं तरी कागद वाचतेय म्हणून ही गेली असेल, आणि खरीनं पान उलटलं तर आता ही पण येणार नाही. दुपारी उगाच जिन्यापर्यंत जायचे आणि कुणी चढतंय का बघून परत यायचे. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं काही चुकतंय का?" "दहा वर्षांपूर्वी चुकलंय," मी म्हटलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

बाराव्या दिवशी टपालकाका चढून आले. धाप लागलेली, एक हात छातीवर, आणि नकळत त्या खुर्चीत बसायला गेले, मग दचकून थांबले. "बसा काका," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघतच राहिले, मग बेतानं बसले. कार्ड पुढं केलं. मागच्या चिठ्ठीवर आईच्या नावावर एक सरळ रेघ होती, आणि वर ताईनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. "आता काढायची भानगडच मिटली," काका खुश होऊन म्हणाले, "नाव बदलायचं फक्त. बाई हुशार दिसतात." मी कार्ड उलटलं. ‘भोंग्या, ये. वळवायचं कसं दाखवते.’ शेपट्या नव्हत्या, ‘ह’ नव्हताच कुठं. मी पर्स उचलली. काका म्हणाले, "अहो, मी अजून दम घेतोय!" मी म्हटलं, "घ्या हो, हवा तेवढा घ्या," आणि तीन जिने उतरले.

साखळी नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. ताईचे केस सगळे पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं, चार बोटांच्या फटीतून ते कळलं नव्हतं. "चपला तिकडे काढ," ती म्हणाली, आणि आत गेली. आईच्या खोलीत ती खाट तशीच होती, गजांचा रंग उडालेला, आणि उशाशी आमच्या वार्तापत्रांची चळत, वरच्या अंकात खूण म्हणून इस्त्रीचं बिल घातलेलं. "तुला कधी कळलं, मी लिहिते ते?" मी विचारलं, दारातच, राहवेना. "पहिल्या अंकाला." "कशावरून पण? नाव तर नव्हतं." "कशावरून म्हणजे? माझ्याशी बोलत होतीस की. दुसरं कोण बोलतं माझ्याशी तसं?" आणि मग, पदराचं टोक खोचत, "लांब वाक्यं अजून लिहितेस, पण." मी काही म्हणायला गेले, ताई, मी, असं काहीतरी, तर तिनं हात वर केला. "ते छापलंयस ना? मग झालं. वाचलं मी." ती खाटेवर चढली, गुडघा दुखत असावा, चढताना ओठ आवळले, आणि उताणी पडून तिनं डोळे मिटले. "मी आई," ती म्हणाली. "वळव मला." मी हसले. ती हसली नाही. मी जवळ गेले, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, चित्रात दाखवतो तसे. ओढलं. ती हललीच नाही. तिनं सगळं अंग सैल सोडलं होतं, एवढीशी बाई, आणि किती वजन. "आई मदत नाही करायची," डोळे मिटूनच ती म्हणाली. "वर शिव्या द्यायची. लाव जोर." मी पाय रोवले, पाठीतून कळ गेली, आणि ती अर्धी वळून पुन्हा माझ्या हातांवर पडली. माझी मनगटं तिच्या पाठीखाली अडकली होती. मी धापा टाकत होते, तिच्या तोंडावर माझा घाम पडला असेल. "सोपं आहे?" तिनं विचारलं. "नाही गं," मी म्हटलं, "नाही." तिनं डोळे उघडले. "मग आधी गुडघा वाकवायचा," ती म्हणाली, आणि माझा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला.